हिरवा ठिपका

वकिलांच्या पँटच्या डाव्या पायातून एक पांढरा चेंडू घरंगळत खाली आला, बुटाला अडला आणि गवतात बसला. वकिलांनी वर झाडाच्या शेंड्याकडे बघितलं, घसा खाकरला, दोन पावलं मागे सरले आणि मग एकदम दचकून ओरडले,

"अरे, हा काय इथे! सापडला रे!"

ती झाडामागे एका पायावर उभी होती. बूट काढून मोज्यात अडकलेलं कुसळ उपटत होती, म्हणून वकिलांना ती दिसली नाही आणि तिला मात्र सगळं दिसलं. ज्या माणसासमोर खोटं बोलायची अख्ख्या गल्लीत कुणाची छाती होत नसे, तो माणूस पँटच्या खिशाला भोक पाडून त्यातून चेंडू सोडत होता. हसावं की ओरडावं हे तिला कळेना. तिने नुसताच बूट चढवला, तोही नाडी न बांधता.

उतारावरून बाबा आले. त्यांच्यामागे बॅगेची दोनचाकी गाडी खडखडत होती. मान नेहमीसारखी तिरकी. डोळ्यांच्या मधोमध धुकं साचलंय आणि ते आता हटणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होत आलं होतं. कडेकडेचं अजून दिसायचं. त्यामुळे बाबा जे बघायचं त्याच्या शेजारी बघत, आणि बोलणाऱ्याला वाटे, हे आपल्या कानात काय शोधताहेत.

"कुठाय?"

"काठीच्या पुढे. अजून. हां, तिथेच."

बाबा वाकले, चेंडू उचलला आणि बोटांत धरून त्याच्यावरून सावकाश अंगठा फिरवला. एकदा, मग चेंडू उलटा करून पुन्हा. फळवाल्याकडे आंबट-गोड पारखून घ्यावं तसं.

"हिरवा ठिपका आहे," वकील म्हणाले. "तुझाच."

"माझाच," बाबा म्हणाले.

"मग ठेव जागेवर. जागेवर म्हणजे जागेवर, कुलूपराव! तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. नियम म्हणजे नियम."

हे ऐकून झाडामागे तिच्या तोंडून फुस्स असा आवाज निघाला.

गोल्फच्या या खेळात ज्याने त्याने आपल्या चेंडूवर आपली खूण करायची असते. सगळे चेंडू सारखेच पांढरे, मग भांडणं नकोत. वकील फुली मारत. तिसरा गडी होता गोळीवाला. त्याचं औषधांचं दुकान बाबांच्या दुकानाला लागून होतं आणि तो चेंडूवर एक रेघ ओढायचा. बाबांची खूण हिरवा ठिपका. दुकानात किल्ल्यांवर आकडे घालायला जी हिरव्या शाईची पेनं ते वापरत, त्यातल्याच एका उरलेल्या पेनाने तो काढलेला असायचा. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, पण स्वतःच्या तोंडाचं काही उघडेना, म्हणून दोघा मित्रांनी त्यांचं नाव कुलूपराव ठेवलं होतं.

आणि या ठिपक्यावर सगळं अडलं होतं. डोळ्यांचं कळल्यावर ती धावत आली होती. आई गेल्यापासून घरात एकटे, त्यात आता हे. "माझ्याकडे चला," ती म्हणाली होती. बाबा म्हणाले होते, "ज्या दिवशी माझा चेंडू मला सापडणार नाही, त्या दिवशी तुझ्या गाडीत बसेन. शब्द आहे." तिला ते पटलं होतं. बाबांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला. शिवाय तिचा हिशेब असा, की फार तर महिनाभर.

पण दर रविवारी ती फोन करायची, "सापडला का आज?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "सापडला." उन्हाळा गेला, झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली, तरी आपलं "सापडला." दुसऱ्याच कुणाचे रिपोर्ट आपल्या हातात आले की काय, अशी शंका तिला यायला लागली. मग गेल्या महिन्यात शेजारणीचा फोन आला. त्यानंतर तिला घरात बसवेना. नवऱ्याशी बोलून तिने मागची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, पडदे शिवून आणले. आणि आज डिकी रिकामी ठेवून पहाटेच निघाली होती. दुपारी बाराला परत निघायचं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, बाबांना चेंडू सापडला नाही की तिथेच, त्या गवतात, शब्दाची आठवण करून द्यायची. तेवढ्यासाठी तिने सकाळपासून ओल्या गवतातून पायपीट केली होती. आणि इथे वकिलांच्या पँटमधून चेंडू पडत होते.

खिशात फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. "सांगितलंस का?" तिने फोन परत खिशात कोंबला.

मैदान नगरपालिकेचं होतं. तिकीट काढावं आणि कुणीही खेळावं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे कुणीही खेळत असे: नवी काठी घेतलेले जावईबापू, कामाचे बूट घातलेले गवंडी, एकमेकींना हसत हसत चेंडू हुकवणाऱ्या दोन नर्सा. जमीन कुठे सरळ नव्हती. चढ चढला की उतार, उतार संपला की झाडी, आणि झाडीपलीकडे लोकांच्या घरांची मागची अंगणं. तारेच्या कुंपणाला पाटी लावलेली, "अंगणात पडलेला चेंडू परत मिळणार नाही." एका अंगणात कुणीतरी चादर झटकत होतं. एक कुत्रं प्रत्येक फटक्याला भुंकत होतं आणि फटका बरा बसला तर गप्प बसत होतं, असं गोळीवाल्याचं म्हणणं.

बाबांचा फटका अजून बरा होता. त्याला डोळे लागत नाहीत, ते म्हणायचे. लाकडी खुंटीवर चेंडू ठेवायचे, पाय रोवायचे, काठी मागे जायची आणि टक्क असा सुका आवाज यायचा. मग ते मान तिरकी करून तसेच उभे राहायचे, जणू चेंडू कुठे पडतोय ते ऐकताहेत. "सरळ गेला," वकील सांगायचे. सरळ गेलेला नसला तरी सरळच गेला म्हणायचे. ती बघत होती. एकदा चेंडू उजवीकडे झुडपात शिरला, तिने स्वतः बघितला. दोन मिनिटांनी तो मोकळ्या गवतात, झेंड्याच्या रेषेत सापडला. एकदा तळ्याच्या काठच्या चिखलात गेलेला, तो कोरडा ठणठणीत निघाला. प्रत्येक वेळी बाबा वाकत, अंगठा फिरवत आणि म्हणत, "माझाच."

प्रत्येक वेळी तिचा संताप आणखी चढत होता. गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती आणि मूठ उघडझाप करून तिचा तळहात दुखायला लागला होता. तीन म्हातारे मिळून तिला मूर्ख बनवत होते. त्यातल्या एकाला तरी माहीत नव्हतं, एवढंच काय ते.

पुढे एक कुटुंब खेळत होतं आणि ते काही हलेना. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकच झेंडा गाठत होते. नळाशेजारच्या बाकावर गोळीवाला गुडघा चोळत बसला होता. बाबा आणि वकील लांब उभे राहून त्या कुटुंबाच्या नावाने बोटं मोडत होते. ती बाकावर येऊन बसली, लगेच उठली, पुन्हा बसली.

"काका, वकीलकाकांच्या खिशाला भोक आहे."

"असेल," गोळीवाला म्हणाला. "या वयात सगळ्यांच्याच खिशाला भोकं पडतात."

"मी बघितलं."

त्याचा हात गुडघ्यावर थांबला. मग त्याने उगाचच बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि ठिपके कोण काढतं?"

"मी. वकिलाचा हात थरथरतो."

"लाज नाही वाटत तुम्हाला? माझा बाप आहे तो. तुमचं खेळणं नाही."

"लाज वाटते की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही ताठा नव्हता. "पण माझी बायको गेली तेव्हा तुझा बाप वर्षभर रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे येऊन बसायचा. एक अक्षर बोलायचा नाही. नुसता बसायचा, आणि जेवायची वेळ झाली की ताट वाढून घ्यायला लावायचा. आता तो गेला की मी आणि वकील. आम्ही दोघंच खेळलो की तिसऱ्या झेंड्यापर्यंत भांडतो. हसतेस काय? खरंच भांडतो. मग त्याने आम्हाला तुला दिलेल्या शब्दाचं सांगितलं, आणि वकील म्हणाला, चेंडू सापडायला पाहिजे एवढंच ना?"

"गेल्या महिन्यात बाबा जिन्यावरून पडले."

"कोण?"

"बाबा. शेजारणीने उचललं. मनगट सुजून हे एवढं झालं होतं."

गोळीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या बाबांकडे. त्याचं तोंड एकदम एवढंसं झालं.

"आम्हाला म्हणाला, सर्दी झालीय," तो म्हणाला. "म्हणून आठवडाभर आला नाही म्हणे. मी गोळ्या नेऊन दिल्या सर्दीच्या."

"घेतल्या असतील त्यांनी."

"घेतल्या असतील," तो म्हणाला. पुढचं कुटुंब एकदाचं सरकलं. उठताना त्याने खिशात हात घातला आणि एक चेंडू तिच्या हातावर ठेवला. नवाकोरा, हिरवा ठिपका अगदी गोल.

"वकिलाचे संपले. आज पानं फार पडलीत. माझ्याकडे हा एकच उरला होता."

"मी काय करू याचं?"

"ते तू बघ बाई. तुझा बाप आहे म्हणालीस ना."

त्यानंतर गोळीवाला बाबांच्या कोपराजवळून हलला नाही. चढ आला की हात पुढे, उतार आला की हात पुढे, स्वतःचा गुडघा मात्र कुरकुरतोय. बाबांनी दोनदा कोपर सोडवून घेतलं. तिसऱ्यांदा ते मुद्दाम मागे राहिले आणि तिच्या बरोबरीने चालू लागले.

"गोळीवाल्याला काहीतरी सांगितलंस तू."

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर त्याने मला रोज उचलून आणलं असतं इथे. त्या गुडघ्यावर."

आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. आत्ता, इथेच. बाबा, तुमचा एकही चेंडू तुमचा नाहीये. एवढंच वाक्य होतं. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा काहीतरी भलतंच विचारलं. एकदा, पाणी हवंय का, आणि एकदा, थंडी वाजतेय का.

"पडदे कुठल्या रंगाचे लावलेस?" बाबांनी विचारलं.

"कशाचे?"

"त्या खोलीचे. फोनवर म्हणाली होतीस."

"पिवळे. का?"

"सहज. पिवळे बरे. उजेड आला की कळतं."

आणि त्यांनी गाडी ओढत पावलं लांब टाकली. ती मागे राहिली. किल्ली एका मुठीत आणि चेंडू दुसऱ्या.

शेवटचा झेंडा टेकडीच्या पायथ्याशी, तिकिटाच्या खिडकीच्या अगदी समोर होता. डावीकडे दाट झाडी होती. पानांचा थर घोट्यापर्यंत. बाबांनी काठी फिरवली, टक्क झालं आणि चेंडू सरळ डावीकडे वळून झाडीत शिरला. एका खोडावर आपटल्याचा आवाजही आला. कुत्रं भुंकलं.

"सरळ—" वकील म्हणाले. त्यांचा हात खिशात गेला, भोकातून मांडीवर फिरला आणि रिकामाच बाहेर आला. त्यांनी गोळीवाल्याकडे बघितलं. गोळीवाल्याने तिच्याकडे बघितलं.

"मी बघते," ती म्हणाली.

झाडीत शिरल्यावर ती शोधत नव्हती. ती पानं लाथाडत होती. सापडू नये, एवढंच तिला वाटत होतं. बाबा येतील, काठीने जरा चाचपतील, दमतील, आणि मग शब्द म्हणजे शब्द. खिशातला तो दुसरा चेंडू खिशातच राहील. कुणी कुणाला फसवायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. साडेअकरा वाजले होते. सामान भरायला अर्धा तास पुरला असता. तिने एका मुळावर जोरात लाथ मारली, आणि पानांतून चेंडू निघून तिच्या पायाशी आला.

हिरवा ठिपका. पण गोल नव्हता. कसाबसा काढलेला, अर्धा ठिपका, अर्धा ओघळ. डोळ्यांनी न दिसता काढला की ठिपका असाच येणार.

तिने तो उचलला. तिचा अंगठा आपसूक त्याच्यावरून फिरला आणि मध्येच अडला. एक खाच होती. बारीक, तिरकी, कानशीच्या एका ओढीत घातलेली. तिने पटकन खिशातला चेंडू काढून त्यावर अंगठा फिरवला. तो सगळीकडून गुळगुळीत.

खाच ती ओळखत होती. लहानपणी दप्तरात किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि घराच्या जिन्यावरचा दिवा कायम गेलेला. अंधारात कुठली किल्ली कुठली कळायची नाही, ती दारात रडत बसायची. मग बाबांनी घराच्या किल्लीच्या डोक्यावर कानशीने अशीच एक तिरकी खाच घातली होती. "डोळे मीट आणि शोध," ते म्हणाले होते. तिने डोळे मिटून शोधली होती, पहिल्या फटक्यात. ती किल्ली अजून तिच्या जुडग्यात होती, गाडीच्या किल्लीच्या शेजारी.

सकाळपासून बाबा प्रत्येक चेंडूवर अंगठा फिरवत होते. उलटा करून पुन्हा फिरवत होते. आणि म्हणत होते, माझाच.

सकाळपासूनचा राग धरायला आता कुणीच उरलं नव्हतं. मागे पानं चुरचुरत होती. बाबांची काठी जवळ येत होती, इकडे टेकत, तिकडे टेकत. तिच्या दोन्ही हातांत एकेक चेंडू होता. खाचेचा चेंडू खिशात टाकला असता तर कुणालाही कळलं नसतं, आणि बारा वाजता बाबा तिच्या शेजारी बसलेले असते.

तिने गुळगुळीत चेंडू खिशात टाकला. खाचेचा मुळाशी, होता तिथे ठेवला, आणि बाजूला झाली.

"सापडला?"

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

बाबांची काठी पानांतून फिरली, मुळाला लागली, मुळाच्या कडेने सरकली. टक. ते वाकले. त्यांना वाकायला आता वेळ लागायचा. चेंडू उचलून त्यांनी सवयीने अंगठा फिरवला, आणि तो अंगठा मध्येच थांबला. मागे गेला. पुन्हा त्याच जागी आला. बाबा वाकलेले होते ते तसेच राहिले. मग हळूहळू सरळ झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तिने मान वळवली.

"बऱ्याच दिवसांनी भेट झाली," ते चेंडूला म्हणाले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"अगं, माझ्या डोळ्यांना झालंय. अंगठ्याला काय झालंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? वकिलाने त्याची चांगली पँट फाडली माझ्यासाठी. परवा त्याच्या घराच्या किल्ल्या त्या भोकातून खाली पडल्या. आवाजावरून ओळखल्या मी, माझ्याच हातच्या आहेत. तो म्हणतो, कुठून आल्या या! मी म्हटलं, कुणीतरी टाकल्या असतील." बाबा हसले, पण थोडंच. "आणि तुला तरी काय बोलू? दर रविवारी फोनवर सापडला सापडला म्हणून सांगत होतो. आयुष्यात दुकानावरून कुणाला खोटी किल्ली दिली नाही मी. तुला दिला तो शब्द मात्र उन्हाळ्यापासून मोडतोय."

"राहू दे तो शब्द," ती म्हणाली. हे आपण म्हणतोय याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "आज सापडला ना? खरा सापडला. मी पुढच्या महिन्यात येईन. आपण जिन्याला कठडा बसवून घेऊ. रोज संध्याकाळी कुणीतरी—"

"सापडला का रे?" झाडीबाहेरून वकिलांचा आवाज आला.

बाबांनी चेंडू पँटच्या खिशात टाकला. मान तिरकी करून ते उजेडाच्या दिशेने दोन पावलं गेले आणि हात तोंडाशी धरून ओरडले,

"नाही सापडला!"

तिने बाबांची बाही धरली.

"बाबा! असं काय करता?"

"हळू बोल," ते म्हणाले. "आज हातात आहे म्हणून 'नाही सापडला' म्हणता आलं. हातात नव्हता तेव्हा तोंडच उघडत नव्हतं. आणि त्यांना यातलं काही सांगायचं नाही. कधीच नाही. वाईट वाटेल त्यांना."

"नीट बघ!" गोळीवाला ओरडला. "मी येतो!"

"येऊ नकोस! तो गुडघा सांभाळ. सगळीकडे बघितलं."

"मुलीला विचार! तिने बघितलं का विचार!"

त्या हाकेत जी आर्जवं होती ती तिला उद्देशून होती, आणि ती तिला नीट कळली. खिशातला गुळगुळीत चेंडू तिच्या मांडीला रुतत होता. बाबा तिच्या कानाकडे, म्हणजे तिच्याकडे, बघत उभे होते. अजूनही काही बिघडलं नव्हतं. एक हात खिशात घालायचा आणि सोडून द्यायचा.

"मीही बघितलं, काका," ती ओरडली. "नाही मिळत."

वकील तरीही आले. फांद्या बाजूला सारत, टोपी एका झुडपाला अडकलेली सोडून, भर्रकन आत शिरले आणि कुणाशी काही न बोलता गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पानं उपसायला लागले. चांगल्या पँटचे गुडघे चिखलाने माखले.

"अरे ऊठ," बाबा म्हणाले. "राहू दे आता. आम्हाला बाराला निघायचंय."

"नियमाने शोधायला अजून वेळ आहे," वकील मान वर न करता म्हणाले. "अजून वेळ आहे रे. नियम म्हणजे नियम."

ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तीही पानं बाजूला करायला लागली. बाबा त्या दोघांच्या मागे उभे होते. त्यांचा हात खिशात होता आणि कापडाच्या आत अंगठा सावकाश फिरत होता.